बटण सोडलं की विझणारा पायलट: देवगडातल्या एका वाळवणी भट्टीचं प्रकरण

देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात आंबापोळी, फणसपोळी आणि आमसुलं करणारा एक छोटा घरचा उद्योग आहे. पत्र्याची लांब शेड, हंगामात कामाला येणाऱ्या गावातल्या सात-आठ बाया, आणि शेडच्या मागच्या खोलीत गॅसवर चालणारी गरम हवेची जुनी भट्टी. मे अखेरीस वळवाचा पाऊस लागून राहिला आणि नेमका तेव्हाच भट्टीचा पायलट, म्हणजे बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, टिकेना. पेटायचा, बटण सोडलं की विझायचा.

गॅसच्या उपकरणांची देखभाल हे माझं काम आहे. बेकरीचा ओव्हन असो, हॉटेलातला गॅसचा बंब असो की वाळवणाची भट्टी, माझ्याकडे प्रश्न एकाच तऱ्हेने येतो: पायलट पेटवायचा कसा? पेटवणं अवघड नाहीच. तो का टिकत नाही हे न बघता त्याला टिकायला भाग पाडणं, हे जिवावर बेतणारं आहे. या शेडमध्ये ते घडायच्या अगदी बेतात आलं होतं, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतो आहे.

भट्टीची रचना

भट्टी घाटमाथ्यावरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुनी विकत घेतलेली. पुरुषभर उंचीची पत्र्याची पेटी. तळाशी बर्नर, त्याच्या वर वळणं घेत जाणाऱ्या पोलादी नळ्या. जळणाचा धूर या नळ्यांच्या आतून फिरतो आणि धुराड्यातून बाहेर पडतो. ब्लोअरची हवा नळ्यांच्या बाहेरून वाहते, तापते आणि ट्रे ठेवलेल्या कपाटात जाते. आंबापोळीला साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअस लागतं, आमसुलांनाही जवळपास तेवढंच. नळीच्या आतला धूर आणि बाहेरची हवा यांची भेट कधीच होता कामा नये. भट्टीतली बाकी कुठलीही चूक परवडेल, ही परवडत नाही.

कोकणात अशी भट्टी चैन म्हणून कोणी घेत नाही. रातांब्याचा हंगाम ऐन पावसाच्या तोंडावर येतो. शेवटचा हापूसही वाऱ्यापावसाने पडतो, तो डागी आंबा बाजारात जात नाही, त्याचा रसच काढावा लागतो. रस काढला त्याच दिवशी ऊन दडी मारतं. अशा आठवड्यात भट्टी चालली तर वर्षाची कमाई वाचते.

पायलट म्हणजे बर्नरच्या कडेला सतत जळणारी छोटी ज्योत. मुख्य बर्नरला गॅस सुटला की तो या ज्योतीवर पेटतो. ज्योतीत एक तांब्या-पितळेच्या रंगाची कांडी बुडालेली असते, ती थर्मोकपल. दोन वेगवेगळे धातू टोकाला जोडून ते टोक तापवलं की वीज निर्माण होते, हे थॉमस झेबेक यांनी १८२१ साली पाहिलेलं तत्त्व. वीज अगदीच किरकोळ असते. चांगल्या थर्मोकपलची तार सोडवून मीटर लावला तर २५ ते ३० मिलिव्होल्ट दिसतात. एवढ्यावर गॅस व्हॉल्व्हमधला एक छोटा विद्युतचुंबक चालतो.

या चुंबकाची गंमत कारागिरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. त्याच्यात झडप ओढून घ्यायची ताकद नाही. उघडलेली झडप धरून ठेवायची तेवढी ताकद आहे. म्हणून पेटवताना बटण आपण हाताने दाबायचं, झडप आपण उघडायची, आणि थर्मोकपल तापेपर्यंत तसंच धरायचं. मग बटण सोडलं तरी चुंबक झडप धरून राहतो. ज्योत विझली की कांडी निवते, वीज संपते, चुंबक झडप सोडतो आणि गॅस बंद होतो. हे सगळं बाहेरच्या विजेशिवाय चालतं. लाईट गेली, डीपी उडाली तरी हे राखण सुटत नाही.

आमच्या आधी काय झालं होतं

मालकीणबाईंचा पुतण्या हुशार मुलगा आहे. त्याने फोनवर लक्षण नेमकं सांगितलं, "दादा, पेटता ओ, पण बटान सोडलां की इझता." बघायला आलेल्या एका कारागिराने थर्मोकपल गेलं म्हणून सांगितलं होतं. अंदाज वाईट नव्हता, या लक्षणाचं ते सगळ्यात नेहमीचं कारण आहे. कोल्हापूरहून नवं थर्मोकपल मागवलं, बसवलं, आणि पायलट पहिल्यासारखाच विझला.

मग कोणीतरी सुचवलं की बटण दाबलेलंच राहील अशी लाकडाची पाचर ठोका, हंगाम निघून जाईल. पाचर तासून तयारही होती. मालकीणबाईंनी, म्हणजे वहिनींनी, ती ठोकू दिली नाही. "पावस थांबाचो नाय नि रस ठेवूक जागा नाय, पण ह्यां मी करूक देवचंय नाय," असं म्हणून त्यांनी मला बोलावलं. शेडमध्ये तेव्हा पातेली भरून रस काढलेला होता. त्या घाईत माणूस नाही म्हणतो, याचं मोल मला फार वाटतं.

पाचर ठोकली की काय होतं? झडप कायमची उघडी. वाऱ्याच्या झोताने ज्योत विझली तरी गॅस येतच राहतो. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण, हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. तो वर उडून जात नाही, जमिनीवर पसरतो आणि खोलगट जागेत साठतो. हवेत त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगी पुरते. या खोलीत तर ट्रे धुतलेलं पाणी जायला जमिनीत उघडी मोरी होती, आणि मोरीपासून दोन हातांवर ब्लोअरचा स्विच. आणखी काही सांगायला नको.

पेटवण्याआधी आणि पेटवताना

खोलीत शिरताना मी दिवा लावू दिला नाही. आधी गुडघ्यांवर बसून जमिनीलगत वास घेतला, मोरीच्या तोंडाशी पुन्हा घेतला. गॅसला वास यावा म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन मिसळलेलं असतं, पण उभ्याने वास घेणारा माणूस जड गॅसला चुकतो. त्या दिवशी वास नव्हता. असता तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून, दारंखिडक्या उघडून, एकाही स्विचला हात न लावता सगळ्यांना बाहेर काढायचं आणि बाहेरूनच १९०६ या गॅसगळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा. चालू असलेला स्विच बंद करायलाही जायचं नाही, ठिणगी बंद करतानाही पडते.

मग साबणाच्या पाण्याने सिलिंडरपासून व्हॉल्व्हपर्यंतचे सगळे सांधे तपासले. बुडबुडे कुठे आले नाहीत. रबरी नळीवरची तारीख मात्र उलटून गेली होती, ती बदलायची म्हणून लिहून ठेवलं. भट्टीवरची पाटी वाचली, जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोंडं, एलपीजीचेच होते. हे मुद्दाम बघतो, कारण पाइपच्या गॅसचे जेट मोठे असतात. त्यांच्यावर सिलिंडरचा गॅस जोडला की ज्योत पिवळी, उंच आणि काजळीची होते.

पेटवण्याची पद्धत पुतण्याकडूनच करून घेतली, मी शेजारी बसलो. थर्मोस्टॅट सगळ्यात खाली. ब्लोअरची वीज बंद. गॅसचा नॉब आधी पूर्ण बंद, आणि तसाच निदान पाच मिनिटं. ही पाच मिनिटं लोकांना जड जातात, पण आधीच्या प्रयत्नांत बर्नरच्या पेटीत साठलेला गॅस निघून जायला तेवढा वेळ लागतोच. पुन्हा जमिनीशी वास. मग नॉब पायलटच्या खुणेवर, आत दाबून लांब दांड्याच्या लायटरने ज्योत, आणि दाबलेलंच अर्धं ते एक मिनिट. तोंड पेटीच्या समोर नाही, बाजूला. नॉब हाताच्या बोटांनीच फिरवायचा. घट्ट झाला म्हणून पक्कड लावली की आतली झडप तुटून गॅस सुटा होऊ शकतो. बोटांनी फिरत नसेल तर तो व्हॉल्व्ह बदलायचा झाला असं समजावं. पुराच्या पाण्यात बुडालेल्या व्हॉल्व्हलाही हाच नियम. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात घराघरांत, दुकानांत पाणी शिरलं. असा बुडालेला व्हॉल्व्ह बाहेरून वाळला, पुसला की चांगला दिसतो. आतला चिखल दिसत नाही.

ज्योत पेटली. मीटर लावला, ११ मिलिव्होल्ट. जुनं थर्मोकपल लावून पाहिलं, तेही ११. दोन कांड्या एकदम सारख्या बिघडत नाहीत. दोष कांडीत नव्हता, तिला तापवणाऱ्या ज्योतीत होता.

कुंभारीण

पायलटची ज्योत निळी, ताठ आणि किंचित फुसफुसणारी असावी, आणि कांडीच्या टोकाचा बोटाच्या पेराच्या निम्मा भाग तिने वेढलेला असावा. इथली ज्योत पिवळसर होती, मऊ होती, आणि कांडीला नुसती कडेने चाटून वर जात होती. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी.

गॅस बंद केला, पायलटचा छोटा बर्नर सोडवून बाहेर आणला आणि वर्तमानपत्रावर ठेवला. त्याच्या बाजूला हवा आत घ्यायचं एक छिद्र असतं. त्यात तांबडी माती लिंपलेली होती, अगदी सफाईने, आतून गुळगुळीत. टाचणीने कोरल्यावर मातीबरोबर वाळलेल्या कोळ्याचे पाय बाहेर आले. कुंभारीण. पावसाळ्यानंतर बंद पडून राहिलेल्या कुठल्याही भोकात ही माशी घर करते आणि पिल्लांच्या खाण्यासाठी कोळी आणून ठेवते. नळाच्या तोंडात, खिडकीच्या कडीच्या भोकात, प्लगच्या भोकांत कोकणातल्या माणसाने तिची घरटी पाहिलेली असतात. गॅसच्या उपकरणातही ती जाते, हे लक्षात येत नाही.

हवेचं छिद्र मोठं असतं, तिथे टाचणी चालते. गॅसचा जेट मात्र मिलिमीटरच्या अंशाएवढा बारीक, त्यात सुई घालायची नाही. छिद्र थोडं जरी मोठं झालं तरी ज्योतीचं माप बिघडतं. तो थिनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने साफ केला. थर्मोकपल व्हॉल्व्हला जिथे जोडतं तिथे तांब्यावर हिरवा थर आला होता, खारी हवा दुसरं काय करणार. तो बारीक पेपरने घासला. तिथला नट बोटांनी घट्ट आणि वर पान्याने पाव फेरा, इतकंच. जास्त आवळला की आतला निरोधक वॉशर चिरडतो आणि नवं थर्मोकपल नव्यानेच वाया जातं.

पुन्हा पेटवला. निळी ज्योत, २७ मिलिव्होल्ट. बटण सोडलं, टिकला. शेडमधून बाया बघायला आल्या, पुतण्या ट्रे भरायला धावला.

इथे काम संपलं असं वाटणं साहजिक आहे. फोनवर विचारलेला प्रश्न सुटला होता.

ब्लोअर लावल्यावर

पायलट टिकला म्हणून मी उपकरण ताब्यात देत नाही, पूर्ण फेरी चालवून बघतो. नुसत्या पायलटवर ब्लोअर लावायला सांगितला आणि पेटीच्या झरोक्यातून ज्योतीकडे बघत बसलो. ब्लोअरने वेग घेतला तशी ज्योत डावीकडे झुकली, मग कांडीवरून सुटून फडफडू लागली. थोड्या वेळाने व्हॉल्व्हमध्ये "टक" असा आवाज झाला. चुंबकाने झडप सोडली होती.

ब्लोअरची हवा नळ्यांच्या बाहेर असायला हवी. ती ज्योतीपर्यंत पोचली कशी?

याला तीन कारणं संभवतात आणि दोन वगळल्याशिवाय तिसऱ्याचं नाव घेऊ नये. एक, धुराड्यातून उलटा वारा. खाडीवरचा वारा जोराचा होता, म्हणून शंका रास्त. गॅस बंद, सांधे तपासलेले, मग धुराड्याच्या तळाशी अगरबत्ती धरली. धूर सरळ वर ओढला जात होता. दोन, खोली बंद असताना ब्लोअर खोलीतलीच हवा खेचतो आणि धुराड्यातून उलटी ओढ लागते. सगळी दारं सताड उघडून पुन्हा पाहिलं. ज्योत तशीच झुकली. उरलं तिसरं, नळ्यांना भोक.

अंधार पडल्यावर वरचं झाकण काढलं आणि पूर्ण निवलेल्या बर्नरच्या पेटीत बॅटरीचा दिवा ठेवला. तिसऱ्या वळणाच्या वेल्डिंगशी बोटभर चीर होती, आणि तिच्या आजूबाजूच्या पत्र्यातून चाळणीतून यावा तसा उजेड येत होता. पुतण्याने आत डोकावून पाहिलं आणि तो काही बोलला नाही.

गंज कशाने आला हेही सांगायला हवं, कारण तो चालवण्याने आलेला नाही, बंद ठेवण्याने आलेला आहे. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. हंगामाच्या शेवटी भट्टी थोडी थोडी चालवली की नळ्या पुरत्या तापत नाहीत आणि ती वाफ आतच पाणी होऊन बसते. मग चार महिने पाऊस, उघडं धुराडं, समुद्राची खारट हवा. साधं पोलाद याच्यापुढे किती वर्षं टिकणार?

चीर असलेल्या भट्टीत दोन गोष्टी होतात. ब्लोअर चालू असताना हवा आत घुसून ज्योत बिघडवते, जळण अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ब्लोअर थांबला की आतला धूर त्याच चिरेतून हवेच्या बाजूला येतो आणि पुढच्या झोताबरोबर ट्रेच्या कपाटात, तिथून शेडमध्ये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पावसात शेडची दारं लावलेली असतात. बाथरूममध्ये बसवलेल्या गॅस गीझरने माणसं जातात ती याच वायूने.

वहिनींना हे समजावत असताना त्या मध्येच थांबल्या. मागच्या वर्षी आमसुलांच्या वेळी दोघी बायांचं डोकं सारखं दुखायचं, एकीला उलटीही झाली होती. उकाडा आणि रातांब्याचा आंबट वास, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी डॉक्टर नाही, ती दुखणी कशाची होती हे मी ठरवू शकत नाही. पण बंद शेडमध्ये काम करताना एकाहून अधिक माणसांची डोकी दुखू लागली आणि बाहेर हवेत गेल्यावर बरं वाटू लागलं, तर आधी भट्टी बंद करावी आणि मग बाकीची कारणं शोधावीत.

पायलट विझत होता तो दोन कारणांनी, आणि दुसरं कारण पहिल्याच्या आड लपलं होतं. कुंभारणीने ते भोक लिंपलं नसतं तर पायलट टिकला असता, ब्लोअर लागल्यावरच विझला असता, आणि "जुनी भट्टी आहे, मधूनच विझते" म्हणून लोकांनी दर अर्ध्या तासाने पेटवत हंगाम काढला असता. पाचर ठोकली असती तर तेवढंही कळलं नसतं.

निर्णय

पुतण्याने विचारलं, वेल्डिंगचा टाका मारता येईल का. मी नाही म्हणालो. चिरेभोवतीचा पत्रा इतका पातळ झाला होता की टाक्याच्या शेजारी नवं भोक पडणार. खाण्याचा माल आणि माणसांचा श्वास ज्या हवेवर आहे तिथे ठिगळ चालत नाही. सिलिंडर सोडवून बाहेर ठेवला, नळी काढून टोक बंद केलं आणि भट्टीच्या दारावर "चालवू नये" असा पुठ्ठा बांधला. पुठ्ठा महत्त्वाचा. मी निघून गेल्यावर रात्रपाळीला येणाऱ्याला हे कोण सांगणार?

रसाचं काय, हा त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न होता आणि मला तो किरकोळ वाटत नव्हता. मागच्या पडवीत चुलीवर मोठी पातेली चढवून आजींनी आणि बायांनी रात्रभर रस आटवला. ट्रेमध्ये आधीच ओतलेला रस शेजारच्या गावातल्या बचत गटाच्या विजेच्या छोट्या ड्रायरमध्ये नेला. तरी काही ट्रे आंबले, ते टाकावे लागले.

पावसाळ्यात नळ्यांचा संच नवा करून घेतला, या खेपेला स्टेनलेस स्टीलचा. साधा पत्रा स्वस्तात पडला असता, पण समुद्र तिथेच राहणार आहे. पायलट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का, यावर आमचं बरंच बोलणं झालं. सतत जळणारा पायलट गॅस खातो, दिवसाला साधारण अर्ध्या किलोपर्यंत, म्हणजे १९ किलोचा सिलिंडर नुसत्या पायलटवर चाळीसेक दिवसांत संपेल. म्हणून हंगाम नसताना तो पेटता ठेवण्यात अर्थ नाही. पण गावात व्होल्टेज वर-खाली होतं, खाऱ्या हवेत सर्किट बोर्ड टिकत नाहीत, आणि बोर्ड गेला तर पाऊस पडत असताना बदलून देणारा माणूस जवळपास नाही. थर्मोकपल पुतण्याला स्वतः बदलता येतं. मी पायलट ठेवायला सांगितला, जास्तीचं एक थर्मोकपल घरात ठेवून.

मोरीच्या तोंडाला पाण्याची सील असलेलं झाकण बसलं. भिंतीत जमिनीलगत जाळीची दोन झरोकी काढली. गॅसगळतीचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर लावला, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म शेडमध्ये बाया बसतात तिथे, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला. हे दोन वेगळे अलार्म आहेत. पहिला गॅसचा जड थर पकडतो, कार्बन मोनॉक्साइड मात्र जवळपास हवेइतकाच हलका असल्याने खोलीभर मिसळतो, त्यामुळे एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

हंगाम संपला की आता भट्टी एकदा पूर्ण तापवून कोरडी करतात, सिलिंडर सोडवतात, धुराड्यावर टोपी घालतात आणि पायलटच्या छिद्रावर लाल कापडाची चिंधी बांधतात. चिंधी लाल अशासाठी की पुढच्या वर्षी पेटवणाऱ्याला ती दिसावी आणि सोडल्याशिवाय त्याने पेटवू नये. गॅस व्हॉल्व्ह अजून जुनाच आहे. नॉब बोटांनी नीट फिरतो, चुंबक वेळेत सुटतो, म्हणून तो सध्या ठेवला आहे. पुढच्या हंगामाच्या आधी तो काढून तपासायचा, असं वहिनींच्या वहीत मार्चच्या पानावर लिहिलेलं आहे.